मुद्दाम आणलेले तण



तण हे वाऱ्यावर, पाण्यातून किंवा बियाण्याबरोबर नकळत शेतात शिरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १९५०च्या दशकात पुणे परिसरात नजरेस आलेले गाजरगवत असेच न बोलावता आले. अमेरिकेतील मका व सोयाबीन उत्पादकांना जेरीस आणणारे एक तण मात्र तेथील लोकांनी पीक म्हणून मुद्दाम आणले होते.

अब्युटिलॉन थिओफ्रास्टी हे त्याचे शास्त्रीय नाव. कापूस, भेंडी व अंबाडी यांच्याच कुळातील ही वनस्पती. आपल्याकडे पडीक जमिनीत वाढणारी पेटारी ही तिच्याच प्रजातीतील. पेटारीच्या चक्राकार बोंडांमुळे तिला मराठीत मुद्रा असेही म्हणतात. अमेरिकेतील तिच्या या भगिनीलाही तशाच बोंडांमुळे लोण्यावरील ठशाचे नाव मिळाले, हा योगायोग मनोरंजक आहे.

चीनमध्ये या वनस्पतीच्या सालीच्या धाग्यापासून दोर व जाडेभरडे कापड बनविण्याची परंपरा फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वीच ती उत्तर अमेरिकेत पोचली. जहाजांना दोरखंड हवे होते आणि परदेशी तागावरील अवलंबन कमी करण्याची इच्छा होती. त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे प्रयत्न झाले. परंतु साल कुजवून धागा काढण्याचे कष्ट आणि खर्च परवडेनात. पीक मागे पडले, बी मात्र जमिनीत राहिले.

या बियांचे कवच अतिशय कठीण असते. एक झाड हजारो बिया देऊ शकते आणि मातीत गाडलेले बी सुमारे ५० वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. दरवर्षी त्यांतील थोड्याच बिया रुजतात. त्यामुळे एका हंगामात शेत स्वच्छ केले तरी पुढील हंगामात नवी रोपे हजर होतात. उंच वाढून ती पिकाचा सूर्यप्रकाश, पाणी व अन्नद्रव्ये हिरावून घेतात. काही ठिकाणी तर त्यांनी अॅट्राझीन या तणनाशकालाही दाद दिली नाही. या तणामुळे अमेरिकेतील शेतकऱ्यांना दरवर्षी सुमारे ३४ कोटी ३० लाख डॉलरचा भुर्दंड पडतो, असा अंदाज १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यक्त झाला.

या इतिहासापासून दोन बोध घेण्यासारखे आहेत. परक्या प्रदेशातील पीक आणताना त्याचे उत्पन्न किती, एवढेच पाहून भागत नाही. ते परवडले नाही तर जमिनीतून काढता येईल काय, याचाही आधी विचार व्हावयास हवा. दुसरे असे की, तण बी धरण्यापूर्वीच उपटले पाहिजे. फुलोऱ्यापूर्वीची एक खुरपणी चुकली, तर तिची भरपाई शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीला करावी लागते.