संशोधन करणाऱ्या लेकीला पैसे कोण देतं?

गटाच्या बैठकीत आपण शेळ्यांच्या, शिलाई मशीनच्या, मिरची कांडपाच्या कर्जाचं बोलतो. आज एका वेगळ्याच पैशाबद्दल बोलू या. शास्त्रज्ञ व्हायला निघालेल्या मुलामुलींना मिळणाऱ्या पैशाबद्दल. आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटेल. तो संबंध सिकलसेलपासून सुरू होतो.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, पालघर इकडच्या बायांना हा आजार नवा नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हातपाय ठणकतात, लेकरू सारखं आजारी पडतं. याचं मूळ आईबापाकडून आलेल्या जनुकात आहे. आपलं शरीर कसं घडावं याची चिठ्ठी जवळजवळ प्रत्येक पेशीत असते आणि त्या चिठ्ठीत सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात. त्यातलं एक अक्षर बदललं की सिकलसेल होतो. दुकानाच्या यादीत 'पीठ' लिहायचं आणि चुकून 'मीठ' लिहिलं गेलं तर काय होईल? तसंच हे. ही सगळी चिठ्ठी वाचण्याच्या शास्त्राला जीनोमिक्स म्हणतात.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तर लग्नाआधी तपासणी करा, असं आरोग्य कर्मचारी सांगतात. देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान २०२३ साली सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. चंद्रपूरला आयसीएमआरचं या रक्तविकारांसाठी खास केंद्र आहे, तर दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत चुकलेलं अक्षरच दुरुस्त करण्याच्या उपचारावर काम चालतं.

माणसाची ही चिठ्ठी पहिल्यांदा वाचली गेली ती परदेशात. ते काम १३ वर्षं चाललं आणि २००३ साली पूर्ण झालं. पण आपल्याकडे इतके समाज, इतक्या जमाती, त्यामुळे आपली चिठ्ठी आपणच वाचायला हवी. म्हणून केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जीनोम इंडिया प्रकल्प हाती घेतला. ८० हून अधिक समाजगटांतल्या सुमारे १० हजार लोकांच्या जनुकांची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली.

आता ही माहिती वाचायची कुणी? मोठ्या शास्त्रज्ञांचं नाव पेपरात येतं, पण नमुने तपासणं, रात्र रात्र प्रयोगशाळेत बसणं, संगणकावर अक्षरं जुळवणं ही कामं बहुतेक पंचवीस-तिशीची मुलंमुलीच करतात. त्यांचा खर्च फेलोशिपवर चालतो. एमएस्सीनंतर नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली, तर पीएचडी करताना पहिली २ वर्षं महिना ३७ हजार रुपये आणि पुढची ३ वर्षं ४२ हजार रुपये मिळतात. हे दर २०२३ च्या जानेवारीपासूनचे आहेत. घरभाडं वेगळं.

पीएचडी झाल्यावर खरी अडचण सुरू होते. आपल्या गटाचंच बघा. गटाआधी बँक आपल्याला कर्ज का देत नव्हती? सातबारा नाही, तारण नाही, आधी फेडलेलं कर्ज नाही. आणि कर्जच मिळालं नाही, तर फेडून दाखवणार कसं? नव्या शास्त्रज्ञाचंही तसंच आहे. अनुदान मागायला गेलं की विचारतात, आधीचं काम दाखवा. काम करायला प्रयोग हवेत आणि प्रयोगाला पैसे हवेत. आपण पंचसूत्री पाळली आणि फिरता निधी आला, तेव्हा कुठे आपली पत तयार झाली. नव्या संशोधकांनाही असा पहिला निधी लागतो. त्यासाठी पोस्ट डॉक्टरल फेलोशिप आहेत. २०२३ च्या कायद्याने झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची नव्या प्राध्यापकांसाठी स्वतंत्र योजना आहे. लग्न-बाळंतपणात काम सुटलेल्या स्त्रियांसाठी वाईज-किरण आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर आहे.

कागदावर हे सगळं चांगलं दिसतं. पण फेलोशिपचे पैसे कित्येकदा महिनोन्‌महिने रखडतात. विद्यार्थ्यांनी त्यासाठी आंदोलनंही केली आहेत. ज्या मुलीचे वडील पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत, ती थांबू शकते. ज्या मुलीच्या घरी सोयाबीनच्या पैशावर वर्ष काढायचं असतं, ती खोलीचं भाडं कुठून भरणार? ती काम सोडून परत येते. लोक म्हणतात, तिला झेपलं नाही. खरं तर पैसा वेळेवर आला नाही. आणि आपल्या भागातल्या मुली अशा गळत गेल्या, तर आपल्या भागातल्या आजाराचा प्रश्न प्रयोगशाळेत मांडणार कोण?

म्हणून चार गोष्टी सांगते.

एक, मुलगी सायन्सला असेल तर बारावीपासूनच कॉलेजात शिष्यवृत्तीची चौकशी करा. इन्स्पायर ही केंद्राची योजना बीएस्सीपासून आहे. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही त्या त्या समाजातल्या मुलामुलींना पीएचडीसाठी फेलोशिप देतात. दर वर्षीची जाहिरात वाचा, कारण अटी बदलतात.

दोन, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं हे आधीच तयार ठेवा. कागदासाठी अर्जाची तारीख हुकायला नको.

तीन, 'पंचवीस वर्षांची झाली, अजून शिकतेच,' असं म्हणू नका. पीएचडी हे काम आहे आणि त्याचे पैसे मिळतात. जेआरएफला मुलींना वयात ५ वर्षांची सवलत आहे. यूजीसीच्या नियमाने पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा मिळू शकते. लग्न ठरवताना हे पाहुण्यांनाही सांगा.

चार, फेलोशिप रखडली, तर गटातून अंतर्गत कर्ज द्यायचा विचार करा. आजारपणाला आपण देतोच ना? चार महिन्यांचं खोलीभाडं म्हणजे काही फार मोठी रक्कम नाही, आणि थकलेली फेलोशिप आली की ते फिटतं. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, ठराव लिहा. ग्रामसंघाच्या बैठकीतही मांडा.

आपल्या वस्तीतली एखादी लेक उद्या आपल्याच रक्तातलं चुकलेलं अक्षर शोधत असेल. तोवर तिचं भाडं थकू नये, एवढं आपल्या हातात आहे.