माळ्यावरचे खेळयंत्र

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावी एखाद्या घरात माळ्यावर जुने प्लेस्टेशन टू हे खेळयंत्र पडून असेल, तर ते भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी त्यातील चार मेगाबाइटांच्या एका चिपकडे लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. बटण दाबताच प्रथम जागी होणारी बायोस नामक आज्ञावली त्या चिपमध्ये असते, आणि संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणारा पीसीएसएक्स-२ हा एम्युलेटर तिच्यावाचून सुरूच होत नाही. आरंभी पडद्यावर जे स्तंभ तरंगताना दिसतात, तेही केवळ शोभेचे नव्हेत. मेमरी कार्डात कोणते खेळ किती वेळा खेळले गेले याची नोंद असते, तिच्यावरून ते उभे राहतात.

ही चिंता वाहावी तरी कशासाठी? २००९ साली हैदराबादेत घडलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि कबड्डीसारखे आपले खेळ पडद्यावर आणणारा ‘देसी अड्डा’ हे दोन खेळ याच यंत्रासाठी निघाले होते, आणि २०१३ च्या आरंभी यंत्राचे उत्पादनच थांबले. यंत्रे निकामी झाली की त्या खेळांच्या तबकड्या वाचणार कोण?

आता फर्मवेअरमधील, म्हणजे बायोससारख्या यंत्रातच बसवलेल्या आज्ञावलीतील, फेरफाराविषयी. बायोसच्या संगणकावरील प्रतीत ठरावीक प्रदेशाच्याच तबकड्या चालाव्यात ही अट काढून टाकली, तर मूळ यंत्राला धक्का लागत नाही. पीएसपीसारख्या हातात धरून खेळायच्या यंत्राची गोष्ट मात्र वेगळी. स्वतः रचलेला खेळ चालावा म्हणून त्याच्या अंतर्गत स्मृतीत बदललेले फर्मवेअर लिहीत असता मध्येच वीज तुटली, तर यंत्र कायमचे बंद पडू शकते. आपल्याकडील भारनियमन ध्यानात घेता, बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर जोडूनच हे काम हाती घ्यावे.

कायद्याचीही बूज राखली पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ साली झालेल्या दुरुस्तीने, स्वतःजवळील कायदेशीर प्रतीवरून खाजगी व अव्यापारी उपयोगासाठी संगणकीय आज्ञावलीची नक्कल करण्यास मुभा दिली. तर २०१२ साली आलेले ६५अ कलम, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद फर्मावते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की बायोस आपल्याच यंत्रातून पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा, परक्याची फाइल घेऊ नये.

आणि त्या दोन खेळांच्या तबकड्या ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्यांच्या प्रती यंत्र चालू आहे तोवरच काढून ठेवाव्यात.