बातमीसाठी कॅमेरा घेताना



आपले काही माजी विद्यार्थी वृत्तवाहिन्यांसाठी स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे बिनपगारी, बातमीमागे मोबदला घेऊन, काम करू इच्छितात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "सर, कोणता कॅमेरा घेऊ?" चांगल्या कॅमेऱ्याची किंमत लाखांच्या घरात जाते. एवढी रक्कम उभी करायची म्हणजे घरात कोणाची तरी ठेव मोडते, नाहीतर आईचे दागिने गहाण पडतात. म्हणून या विषयावर बोलण्याचे योजिले आहे.

प्रथम दुकानात जाऊ नका. ज्या वाहिनीला बातमी द्यायची तिच्या जिल्हा प्रतिनिधीला गाठा. चित्रण कोणत्या स्वरूपात घेता, कसे पाठवायचे, पैसे किती दिवसांनी मिळतात, हे विचारा. अपघात-मोर्चाची मोबाईलवर घेतलेली दृश्येही वाहिन्या दाखवतात. तेवढेच काम मिळणार असेल तर मोबाईल आणि एक बरा माइक यांवर सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मोठा कॅमेरा कशासाठी? माझ्या मते सर्वांत आधी आवाजासाठी. चित्र थोडे हलले तरी बातमी चालते. मंत्र्याचा बाईट ऐकू आला नाही तर ती बातमीच राहत नाही. घरगुती कॅमेऱ्याची माइकची बारीक पिन गर्दीत धक्का लागला की निसटते. व्यावसायिक कॅमेऱ्याला एक्सएलआर नावाची, खटका लागून घट्ट बसणारी जोडणी असते. अशा दोन जोडण्या असलेलाच घ्या : एका वाहिकेवर बोलणाऱ्याचा आवाज, दुसरीवर भोवतालचा. काही माइकना कॅमेऱ्यातून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तीही सोय पाहावी. आणि हेडफोन कानाला लावूनच चित्रण करावे. आमच्याकडे संमेलनाचे चित्रण करायला येणारे पुष्कळ जण तो गळ्यात नुसता मिरवतात!

दुसरी गोष्ट सेन्सर. 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात सुमारे १३ मिलिमीटर रुंद असतो, एक-तृतीयांश इंची तर ५ मिलिमीटरही भरत नाही. क्षेत्रफळाने पाहिले तर फरक सहापटींहून अधिक. रात्रीच्या आगीच्या बातमीत तो डोळ्यांना दिसतो. झूम मात्र काचेचा, म्हणजे ऑप्टिकल, किती पट आहे तेवढेच विचारा; डिजिटल झूमचा आकडा कितीही मोठा असो, तो चित्र फक्त ताणतो.

परदेशातून कोणी नातेवाईक आणून देणार असेल तर जपून. अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे असतात, आपल्याकडे २५ किंवा ५०. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे तिकडच्या मापावर चित्रण केले तर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकते. काही कॅमेऱ्यांत दोन्ही पद्धती असतात. तशी खात्री करून घ्या.

जुना कॅमेरा घेणे गैर नाही, पण टेपचा नको. सोनीचे पीडी १५० (सन २०००) व पीडी १७० (सन २००३) आपल्या काळी फार नावाजलेले. परंतु त्यांचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे. एचडीचे १९२० बाय १०८०. शिवाय तासाभराची टेप संगणकात उतरवायला तासच लागतो, तोवर दुसऱ्याची बातमी लागून जाते. मेमरी कार्डाचे दोन खाचे असलेला पाहा. सेकंदाला ५० मेगाबिटने तासाला सुमारे साडेबावीस गिगाबाइट लागतात, त्या हिशेबाने कार्डे घ्या.

विकत घेण्यापूर्वी भिंगावर झाकण ठेवून चित्रण करा. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके दिसले तर सेन्सर खराब. झूम हळूहळू फिरवून पाहा. दोन्ही माइक जोडून आवाज परत ऐका. किती तास वापरला ते काही कॅमेऱ्यांच्या मेनूत दिसते, तेही पाहा. बॅटऱ्या निदान दोन लागतील. त्यांची किंमत सौद्याच्या वेळीच धरा, मागाहून नको.