बंदुकीला तेल कोणतं लावावं?



बंदुकीला कोणतं तेल लावावं, हा काय आकाशवाणीवर बोलायचा विषय आहे का, असं कुणाला वाटेल. पण आपल्या बीड जिल्ह्यात बँकेच्या दाराशी स्टुलावर बसलेला माजी सैनिक आणि त्याच्या मांडीवर आडवी असलेली दुनळी बारा बोअर बंदूक आपण सर्वांनीच पाहिली आहे. रानडुकरांचा त्रास असलेल्या शिवारात एखाद्या शेतकऱ्याकडे पिकाच्या राखणीचा परवाना असतो. जुन्या वाड्यांत आजोबांच्या काळातली बंदूक कपाटात पडून असते. २०२५ च्या सुरुवातीला या जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्दही झाले. परवाना कुणाला द्यावा, कुणाला देऊ नये, हे प्रशासनानं ठरवायचं; त्यावर बोलायला मी इथं आलेलो नाही. पण ज्याच्याकडे कायद्यानं बंदूक आहे, त्यानं ती नीट राखली नाही तर ऐनवेळी ती उडत नाही. कधी त्याहूनही वाईट घडतं, नळी फुटते आणि धरणाऱ्याचाच हात जातो.

पहिली गोष्ट अशी, की बंदूक हे चालण्यापेक्षा पडून राहणारं यंत्र आहे. उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्यातले रूळ रात्रंदिवस फिरतात. त्यांना वंगण कमी पडलं तर धातू धातूवर घासून तापतो. बँकेच्या रखवालदाराची बंदूक मात्र वर्षानुवर्षं उडत नाही. मग तिला तेल कशासाठी? तर मुख्यतः हवा आणि ओल लोखंडापासून दूर ठेवण्यासाठी. घर्षण कमी करणं हे तिच्या बाबतीत दुय्यम काम. आपल्याकडे हात सवयीनं वंगणाकडे बघतो ते बैलगाडीच्या आसाच्या हिशेबानं. आसात एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या कोंबायच्या, जितकं जास्त तितकं गाडं हलकं चालायचं. (एरंडेल हे काही हलकं वंगण नव्हे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची इंजिनं त्यावर चालत आणि कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं.) पण हा आसाचा हिशेब बंदुकीला लावला की ती बिघडते. बंदुकीला तेलाचा फक्त हात फिरल्यासारखा थर हवा. बोटानं पुसून पाहिलं तर बोट चकाकावं, ओलं होऊ नये.

आता घरातली तेलं घ्या. सगळ्यात हाताशी असतं खोबरेल. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खोबरेलाची बाटली आपण उन्हात का ठेवतो? कारण साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं. मग हेच खोबरेल बंदुकीच्या आतल्या पिनेवर थिजलं तर काय होईल? चाप ओढल्यावर घोडा सुटतो, पिनेवर आपटतो आणि पीन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर बसते. हा सगळा खेळ सेकंदाच्या बारीकशा अंशाचा. पिनेभोवती थिजलेलं तेल असेल तर ठोका हळू बसतो आणि टोपी पेटत नाही. दुपारी तीच बंदूक सुरळीत चालते, म्हणून दोष काडतुसावर जातो.

करडईच्या तेलाचं दुखणं वेगळं. मराठवाड्यात करडई घरोघरची, तेल खायला उत्तम. पण करडई आणि जवस ही दोन्ही तेलं ‘सुकणारी’ आहेत. म्हणजे उन्हात पाणी सुकतं तशी उडून जात नाहीत, तर हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातात आणि शेवटी त्यांचा चिवट पापुद्रा बनतो. म्हणूनच रंग आणि व्हार्निश करणारे ती वापरतात. स्वयंपाकघरातल्या कढईच्या कडेला जो न निघणारा पिवळा-तपकिरी थर बसतो, तोच थर बंदुकीच्या आत बसवायचा असेल तर खुशाल खाण्याचं तेल घाला! शेंगदाण्याचं तेल जरा सावकाश चिकटतं, इतकंच. तिळाचंही तेच.

पण जवसाला अगदीच हद्दपार करू नका. बंदुकीचा लाकडी दस्ता, बहुधा अक्रोडाचा, त्याला हेच जवसाचं तेल सर्वांत चांगलं. लाकडात ते मुरतं, तिथंच घट्ट होतं आणि पाण्याला आत येऊ देत नाही. लष्करातल्या जुन्या ३०३ रायफलींचे दस्ते जवसाच्या तेलावरच टिकले. कापडाच्या बोळ्यानं चार थेंब चोळायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचं, एक-दोन दिवस सुकू द्यायचं, मग पुन्हा. फक्त तो तेलकट बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि असा गोळा आपोआप पेटल्याची उदाहरणं जगभर आहेत. पाण्यात भिजवून टाका किंवा मोकळा पसरून वाळवा. म्हणजे जे तेल दस्त्याला औषध, तेच आतल्या यंत्रणेला विष.

दुसरीकडे उलटंही घडतं. नळीला आणि यंत्रणेला जास्त झालेलं खनिज तेल ओघळत दस्त्याच्या तोंडाशी जातं आणि तिथलं लाकूड काळं, मऊ पडतं. जुनी बंदूक पाहा. लोखंड आणि लाकूड जिथं मिळतात तिथं डाग दिसेल. पुढं तिथंच भेग जाते. म्हणून तेल लावल्यावर बंदूक एक रात्र नळी खाली करून ठेवावी, खाली जाड फडकं घालून. जादा तेल नळीच्या तोंडातून उतरून जातं.

गॅरेजमधल्या तेलांबद्दल थोडं. ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं तेल बंदुकीला लावणारे लोक आहेत. त्यात काजळी असते, धातूचा बारीक कीस असतो आणि इंजिनात तयार झालेली आम्लं असतात. ते लावणं म्हणजे गंजाला आमंत्रण. रॉकेल साफसफाईला चांगलं, पण ते उडून गेलं की लोखंड उघडं पडतं, त्यामुळे रॉकेलनंतर तेलाचा हात हवाच. आणि तो निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०. तो १९५३ साली अमेरिकेत तयार झाला; ॲटलास रॉकेटच्या बाहेरच्या पत्र्यावरचं पाणी हटवण्यासाठी त्याचा उपयोग झाला, आणि ४० हा आकडा म्हणजे चाळीसाव्या प्रयत्नात साधलेलं मिश्रण. नावच सांगतं की काम पाणी हटवण्याचं. पावसात भिजलेल्या बंदुकीवर तो जरूर फवारावा, पण महिनोन्‌महिने टिकणारं तेल म्हणून त्यावर विसंबू नये.

मग लावायचं काय? बंदुकीसाठी म्हणून मिळणारं पातळ खनिज तेल. शंभरेक वर्षांपूर्वी याच कामासाठी ‘रंगून तेल’ नावाजलेलं होतं. ब्रह्मदेशातल्या विहिरींतून निघालेलं हे खनिज तेल साहेबाच्या शिकारी बंदुकांना लावलं जाई. चिकटत नाही, आंबत नाही, हा त्याचा गुण. जर्मनीत १९०४ साली निघालेलं बॅलिस्टॉल अजून विकलं जातं. हे काही मिळालं नाही तर शिवणयंत्राचं स्वच्छ, पांढरं तेल चालेल. ते पातळ आहे, थंडीत थिजत नाही आणि गोंदासारखं होत नाही. फक्त गंजापासून राखण तितकी पक्की नाही, म्हणून पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी फडकं फिरवावं लागतं.

ग्रीज कुठं? दुनळी जिथं मोडून उघडते तिथली बिजागरीची पीन आणि तिच्यावर टेकणारी नळीची खाच, एवढीच जागा. तिथं दाब मोठा, सरकणं हळू. तेल पिळून बाहेर जातं, ग्रीज टिकतं. बेअरिंगसाठी मिळणारं साधं लिथियम ग्रीज पुरे. माप सांगायचं तर ज्वारीच्या दाण्याएवढं. बाकी कुठंही ग्रीज नको. उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांवर धूळ किती उडते ते सांगायला नको. धूळ आणि ग्रीज एकत्र आलं की ती घासायची पेस्ट होते, जिनं गवंडी फरशी घोटतो तशी.

ग्रीज आणि बंदूक म्हटलं की १८५७ आठवणारच. एन्फिल्ड रायफलीच्या कागदी काडतुसांना लावलेली चरबी गाईची की डुकराची, या संशयानं केवढा भडका उडाला! वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते. काडतुसांची ती वार्ता त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आली आहे. पण ते वंगण होतं कशासाठी? ठासणीच्या रायफलीत गोळी नळीच्या तोंडातून खाली ढकलावी लागे. काळ्या दारूची काजळी आत साचली की गोळी अडे. म्हणून काडतुसाचं टोक चोपडलेलं. जानेवारी १८५७ मध्येच सरकारनं शिपायांना आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावण्याची मुभा दिली होती, पण तोवर विश्वास उडाला होता.

त्या काळ्या दारूचा एक धडा मात्र आजही लागू आहे: काही घाण तेलानं जात नाही, पाण्यानंच जाते. काळ्या दारूची राख पाण्यात विरघळते. पुढं ३०३ च्या जुन्या काडतुसांच्या टोप्यांत क्लोरेट असे. ते जळलं की नळीत मिठाचं भावंड म्हणावा असा एक क्षार राहतो. तो हवेतली ओल ओढतो आणि नळी आतून खातो. वरून कितीही तेल ओता, क्षार तेलात विरघळत नाही. तेलाखाली गंज सुखानं वाढतो. म्हणून लष्करात उकळतं पाणी नरसाळ्यानं नळीतून सोडत. गरम नळी लगेच वाळते, मग कोरडी चिंधी, मग तेल. आजच्या बाराबोरी काडतुसांना बहुधा याची गरज पडत नाही. पण घरात फार जुनी काडतुसं असतील तर ती उडवूच नका. परवानाधारक विक्रेत्याला दाखवा.

आपल्याकडे बंदुकीची खरी परीक्षा होते ती निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. २०२४ मध्ये तर दोनदा वेळ आली. बीड लोकसभेचं मतदान १३ मे रोजी झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. मे महिन्यात कोरडी ठेवलेली बंदूक परत आणायला उशीर झाला तर मधे मृगाचा पाऊस येऊन जातो. म्हणून जमा करण्याआधी बंदूक पूर्ण साफ करा, नळीत आतून आणि बाहेरून नेहमीपेक्षा थोडं जाड तेल लावा आणि कातडी म्यान असेल तर ते घरीच ठेवा. कातडं ओल धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेल्या रसायनांनी लोखंडाला डाग पडतो. सुती कापडात गुंडाळलेली बरी. पोचपावतीवर बंदुकीचा क्रमांक तपासून घ्या, हे वेगळं सांगायला नको.

परत आणल्यावर मात्र ते तेल काढायचं विसरू नका. नेहमी आधी बंदूक उघडून दोन्ही कप्पे रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहायचं. मग गजाला कोरडी चिंधी लावून नळी आरपार पुसायची आणि उजेडाकडे धरून बघायचं. नळीत साचलेलं ग्रीज, अडकलेली चिंधी, गांधीलमाशीनं केलेलं मातीचं घर, यातलं काहीही असताना बार काढला तर छर्ऱ्यांना वाट मिळत नाही, दाब एका जागी कोंडतो आणि पोलादाची नळी केळीच्या सालीसारखी उलगडते. आतली यंत्रणा स्वतः खोलू नका. बंदूक दुरुस्त करायलासुद्धा कायद्यानं परवाना लागतो. ते काम त्याच कारागिराचं.

आणि काडतुसं तेलापासून लांब ठेवा. तेलकट हातानं भरलेल्या, महिनोन्‌महिने बंदुकीतच राहिलेल्या काडतुसाच्या टोपीत तेल झिरपतं आणि आतली दारू मरते. बँकेच्या रखवालदारांनी हे विशेष लक्षात घ्यावं. पट्ट्यातली काडतुसं कोरड्या फडक्यानं पुसावीत, त्यांना तेलाचं बोटही लावू नये. चाप ओढूनही बार झाला नाही, तर बंदूक लगेच उघडायची नाही. काही वेळा आतली दारू धुमसत असते आणि बार उशिरा होतो. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून मनात साठपर्यंत आकडे मोजायचे आणि मगच ती उघडायची.