ओझे वाहणारे अस्वल

सैन्याच्या बोधचिन्हांवर बहुधा सिंह, गरुड किंवा तलवार असते. दुसऱ्या महायुद्धातील पोलिश सैन्याच्या बाविसाव्या तोफखाना पुरवठा कंपनीच्या चिन्हावर मात्र तोफगोळा उचलून चालणारे अस्वल होते.

या सैन्यातील बहुसंख्य सैनिक सोव्हिएत बंदिवासातून सुटून १९४२ साली इराणात पोहोचले. त्यांच्याबरोबर सुटलेल्या निर्वासितांपैकी सुमारे पाच हजारांना पुढे कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. इराणात सैनिकांनी एका मुलाकडून अस्वलाचे पोरके पिल्लू घेतले आणि त्याचे नाव वोयतेक ठेवले. १९४४ साली इजिप्तहून इटलीला निघताना जहाजावर प्राण्यांस मज्जाव होता. तेव्हा अस्वलाचे नाव शिपाई म्हणून पटावर चढले! मॉन्टे कॅसिनोच्या लढाईत त्याने दारूगोळ्याच्या पेट्या वाहिल्या, असे सैनिक सांगत. तेच दृश्य कंपनीच्या गाड्यांवर आणि गणवेषांवर चिन्ह म्हणून झळकले. पुरवठा करणाऱ्या तुकडीला शौर्यापेक्षा श्रमाची खूण अधिक शोभली.

युद्ध जिंकले गेले. परंतु १९४५ च्या याल्टा परिषदेच्या निर्णयाने पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला. विजयी सैनिकांपैकी अनेकांना परतण्यास घरच उरले नाही. स्कॉटलंडमध्ये कंपनी विसर्जित झाली आणि १९४७ साली वोयतेक एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात गेला. १९६३ साली तो मरण पावला. तोवर जुने सोबती त्याच्या पिंजऱ्यापाशी येत आणि त्याच्याशी पोलिश भाषेत बोलत. परमुलखात मायबोलीतली हाक ओळखणारा तोही त्यांचा एक देशबांधवच होता.