छावणीबाहेरची जागा
(महोत्सवाच्या पूर्वतयारीच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने पूर्वजांच्या श्रद्धेविषयी बोलावे, अशी प्रथा आहे. आणि तसे बोलण्याजोगे पुष्कळ आहेही. परंतु आज आम्ही ज्या विषयास हात घालीत आहोत, तो ऐकून कित्येकांस संकोच वाटेल. विषय संडासाचा आहे.

ज्यांस संकोच वाटेल त्यांनी मोशेकडे पाहावे. इस्राएल लोकांची छावणी कशी असावी हे सांगताना त्याने शौचास छावणीबाहेर जागा नेमली, आणि प्रत्येकाने आपल्या हत्यारांबरोबर खणण्याचे एक अवजार बाळगून खड्डा करावा व मैला मातीने झाकावा, असा दंडक घातला. अनुवाद ग्रंथाच्या २३व्या अध्यायात हे आहे. कारणही तेथेच दिले आहे की, परमेश्वर छावणीतून फिरत असतो. या वचनावर आम्ही गेल्या पंचवीस वर्षांत एकही प्रवचन ऐकले नाही, आणि खरे सांगावयाचे तर स्वतः केलेही नाही.

यात एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. मोशेने ते अवजार प्रत्येकाच्या हाती दिले. आपल्या देशात ते एका जातीच्या हाती दिले गेले व बाकीचे मोकळे झाले. आपल्यांपैकी पुष्कळांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहत. मेलेली गुरे ओढणे, वेस झाडणे ही कामे त्यांच्या माथी होती. त्यामुळे घाणीचा प्रश्न आपल्या घराण्यांस परका नाही.

२००० साली राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान निघाले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू होऊन घरामागे बारा हजार रुपये मिळू लागले, आणि एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे सरकारने जाहीर केले. हे काम लहान नव्हे. त्याची थट्टा करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. परंतु घरे आशीर्वादित करण्यास हिंडताना आम्ही संडासांत कडबा रचलेला पाहिला, गोवऱ्या पाहिल्या. एके ठिकाणी तर कोंबड्या नांदत होत्या. विचारले की उत्तर येई, “फादर, वापरला तर भरेल. भरला तर उपसणार कोण?”

या प्रश्नाच्या पोटात जुनी जात बसलेली आहे, आणि तो प्रश्न आपल्याच माणसांनी विचारावा याचे आम्हांस दुःख झाले. याच भीतीने काहींनी विहिरीसारखे खोल खड्डे घेतले आहेत. ते भरत नाहीत, परंतु त्यांतील घाण शेजारच्या बोअरच्या पाण्यात उतरण्याचे भय राहते.

उपाय साधा आहे. तीन हात खोलीचे दोन शोषखड्डे घ्यावे. विटांच्या बांधकामात फटी ठेवाव्या, तळ मातीचाच असू द्यावा. उतरत्या भांड्याखालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी साचून राहते, म्हणून दुर्गंधी वर येत नाही. दोन लिटर पाण्यात भांडे स्वच्छ होते, तेव्हा दुष्काळाची सबब येथे चालावयाची नाही. एक खड्डा लहान कुटुंबास तीन वर्षे तरी पुरतो. तो भरला की तोंड फिरवून दुसरा सुरू करावा. बंद खड्ड्यातील मैल्याची दीड-दोन वर्षांत माती होते. ती कोरडी असते, तिला वास नसतो. घरधन्याने स्वतः फावड्याने काढून लिंबाच्या झाडास घालावी. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम केले आणि मैल्याचे खत करणारा गोपुरी संडास लोकांपुढे ठेवला, तोही हीच वाट दाखविण्यासाठी.

नगर, पुणे, मुंबईकडे गेलेली आपली मुले म्हणतील की शहरात टाकी असते. असते, परंतु ती तुंबल्यावर तिच्यात उतरतो तो कोण? २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांवाचून माणूस टाकीत उतरविण्यास मनाई केली, तरी विषारी वायूने माणसे मेल्याच्या बातम्या येतच असतात. आपल्या इमारतीत यंत्राची गाडी बोलावली जाते किंवा नाही, एवढी चौकशी त्यांनी करावी.

आता आपल्या उंबऱ्यापाशी येऊ. १९५० मध्ये प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभारून ज्या जिल्ह्याने देशास वाट दाखविली, त्याच जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडची आणि शेजारच्या बीडची माणसे दिवाळीनंतर ऊस तोडावयास येतात व उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कोपींत राहतात. कोपीला संडास नसतो. बाया अंधारात उठून जातात, मग दिवसभर पाणी तोडून पितात आणि दुखणे अंगावर काढतात. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील तोडकरी स्त्रियांची चौकशी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्याची कारणे अनेक आहेत, त्यांत खाडे बुडण्याचे भय व काही डॉक्टरांचा लोभही आहे. परंतु उपचाराविना राहिलेली दुखणी त्यांतच मोडतात.

आणि आपणही निर्दोष नाही. गेल्या सणास आपल्या आवारात स्त्रियांसाठी चारच संडास होते, त्यांतील दोहोंस कडी नव्हती. एक वृद्ध माता सकाळपासून पाण्याचा घोट न घेता बसली व मिस्सेत घेरी येऊन पडली. आम्ही लोकांस उन्हाचे कारण सांगितले. ते खरे नव्हते, हे आम्हांस तेव्हाच ठाऊक होते.

महोत्सव समितीने प्रवेशद्वारी कमान बांधण्याचे ठरविले आहे. कमानीस आमचा विरोध नाही. ती पुढील वर्षी होईल. तिच्यासाठी जमलेल्या पैशांतून आवारात स्त्रियांसाठी आठ संडास, आणि चर्चच्या शेताच्या कडेला जेथे दरसाल कोपी पडतात तेथे सहा, असे बांधावे, ही आमची विनंती समितीने कालच मान्य केली आहे. खणण्याचे काम मजुरांकडून करून घ्यावयाचे नाही. प्रत्येक घराने एक दिवस द्यावा. यादी सभेनंतर वाचून दाखविण्यात येईल. पहिले नाव आमचे आहे. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी सात वाजता आरंभ होईल. विटा येऊन पडल्या आहेत. टिकाव-फावडे ज्याचे त्याने आणावे.