'लागणे' : एका क्रियापदाचा संसार



'लागणे' हा विषय मी कळवला, तेव्हा चिटणीसांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यामागची गोष्ट आधी सांगतो. माझी नात सातवीत आहे. मे महिन्यात आम्ही पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. तिथे ती पाहुण्यांना म्हणाली, "मला तो सिनेमा खूप छान लागला." सगळे हसले. मीही हसलो. वर म्हणालो, "अगं, सिनेमा टॉकीजला लागतो, आपल्याला आवडतो." परतीच्या गाडीत ती माझ्याशी फक्त हिंदीत बोलली. तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे.

एकाच क्रियापदाला शंभर कामं लावणं ही सगळ्याच भाषांची रीत. इंग्रजीत 'गेट', 'टेक', 'सेट' अशीच राबतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची आहे. आपल्याकडे तो मान 'लागणे'ला शोभेल. मूळ धातू संस्कृत 'लग्', म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. 'लग्न' त्यातूनच आलं, 'संलग्न'ही. म्हणून 'लग्न लागलं' म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो. 'लागण' उसाची होते आणि रोगाचीही!

आता पाहा. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, वेड लागतं, दिवेलागण होते. "हे तुमचे कोण लागतात?" असं आपण विचारतो. मिसरोदहून न्यू मार्केटला जायला वेळ लागतो. यातलं बरंचसं हिंदीतही 'लगना'नेच होतं, आणि तिथेच पाय घसरतो. 'मुझे लगता है'चं मराठी 'मला वाटतं'. पण आपली मुलं 'मला लागतं' म्हणतात. 'अच्छा लगा' म्हणजे 'आवडलं'. मात्र जिभेपुरती मराठीनेही सूट ठेवली आहे : भाजी छान लागते. मग सिनेमा छान का लागू नये? नातीचं गणित चुकीचं नव्हतं. नियमाला अपवाद आहे, तो तिला कुणी सांगितला नव्हता.

आणि आपण तरी कुठले सोवळे? १९५६ साली भोपाळ राजधानी झालं, नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतली माणसं इकडे आली, आपल्यातली कितीतरी घरं तेव्हाची. ग्वाल्हेर, इंदूर, देवासकडची त्याहून जुनी. 'जावं लागतं'ऐवजी 'जावं पडतं' आपण सर्रास म्हणतो. पुण्याला ते खटकतं, आपल्याला नाही. आपली चूक ती बोली आणि नातीची चूक ती चूक, हा न्याय बरोबर नाही.

म्हणजे सगळंच चालवून घ्यावं का? नाही. 'वाटतं' आणि 'लागतं' यांतला फरक गेला, तर मराठीचं एक बारीक काम करणारं हत्यार हरवेल. पण तो शिकवायची जागा पाहुण्यांसमोरची नव्हे. मूल म्हणालं, "सिनेमा छान लागला," तर आपण म्हणावं, "हो का? मलाही आवडला." एवढंच. दहा वेळा कानावर पडलं की अकराव्यांदा तोंडात येतं. आपणही असेच शिकलो.

शेवटी याच क्रियापदाची एक करामत. हिंदीत 'बोलने लगी' आणि 'बोलना पड़ा' यांना दोन क्रियापदं लागतात. मराठीत एकच पुरतं : 'बोलू लागली' आणि 'बोलावं लागलं'. पहिल्यात आरंभ आहे, दुसऱ्यात सक्ती. आपल्या घरातली मुलं मराठी बोलू लागतील की त्यांना ती बोलावी लागेल, हे बरंचसं आपल्या हसण्यावर अवलंबून आहे.

नातीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "आजोबा, मला वाईट लागलं होतं." मी म्हणालो, "मलाही फार वाईट वाटलं."